क्लाउडचं बिल एक, धंदे तीन : कोणाच्या खात्यात किती टाकायचं?

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, दारव्हा तालुक्यात. सोयाबीन खरेदी, तूर दाळ मिल अन् कृषी सेवा केंद्र असे तीन धंदे. काटापावत्या, त्यांचे फोटो, स्टॉक, शेतकऱ्यांना जाणारे मेसेज सगळं एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनची भाड्यानं सर्व्हर-स्टोरेज देणारी क्लाउड सेवा) एकाच अकाउंटवर चालते. बिलात सर्व्हर, स्टोरेज, डेटाबेस असं लिहून येते, धंद्याचं नाव कुठंच नाही, म्हणून मी तीन सारखे भाग करतो. आता मिल पाहणारे संचालक म्हणतात, आमचा वापर एवढासा, आमच्यावर तिसरा हिस्सा काहून? काय करावं?
(एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, मिलवाल्यांचं बरोबर आहे. हमाली-तोलाई आपण क्विंटलवर कापतो, माणशी सारखी नाही कापत, तसंच हे.

कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी नावं ठरवा, टॅलीत जी खाती आहेत तीच इथं, अन् सामाईक खर्चाचं वेगळं. मग एकेका सर्व्हरला, स्टोरेजला, डेटाबेसला त्या नावाचा टॅग, म्हणजे नावाची चिठ्ठी, लावा. स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, कॅपिटल-स्मॉल अक्षराचा फरक पडला तरी ते दोन वेगळे टॅग धरते. नुसता टॅग लावून बिलात काही दिसत नाही बरं, एडब्ल्यूएसच्या बिलिंगमध्ये जाऊन तो कॉस्ट अलोकेशन टॅग (खर्च वाटायचा टॅग) म्हणून चालू करावा लागते, अन् लय लोक इथंच अडकतात. चालू व्हायला 24 तासांपर्यंत वेळ लागू शकते. ज्या महिन्यात टॅगच नव्हता त्या महिन्याचा खर्च मागून टॅगनं वाटल्या जात नाही, म्हणून हंगामाच्या आधी हे उरकून घ्या.

त्यानंतर तिथंच कॉस्ट कॅटेगरी बनवा, म्हणजे कोणता खर्च कोणाच्या खात्यात जाईल त्याचे नियम. नियम वरून खाली वाचल्या जातात अन् जो पहिला लागू पडला तोच धरल्या जाते, म्हणून बारीक नियम वर, ढोबळ खाली. कशातच न बसणाऱ्या खर्चाला 'बिनखात्याचं' असं सरळ नाव द्या, तो तिघांत मुरवून टाकू नका, कारण कोणी नवीन सर्व्हर विनाटॅग सुरू केला तर तिथंच कळते.

आता खरं भांडण सामाईक खर्चाचं. तो वाटायच्या तीन रीती आहेत : सारखा, ठरलेल्या टक्क्यानं, किंवा ज्याचा स्वतःचा खर्च जेवढा त्या प्रमाणात. तुमच्याकडे हंगाम फिरतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनच्या काटापावत्यांचे फोटो धडाधड चढतात, नवीन तूर आली की मिलचं काम वाढते, सेवा केंद्राची गर्दी पेरणीच्या तोंडावर. प्रमाणाची रीत या फिरण्यासोबत आपोआप हलते, ते चांगलं. पण ती पैशाचं प्रमाण पाहते, कामाचं नाही, म्हणजे फोटोंचं स्टोरेज फुगलं की डेटाबेसचा हिस्साही सोयाबीनच्याच अंगावर जास्त पडते, मग भलेही डेटाबेसात मिलच्या नोंदी जास्त असोत. म्हणून माझं मत असं की सामाईकचे दोन भाग करा. डेटाबेस नोंदींच्या संख्येवर, म्हणजे कोणाच्या किती पावत्या झाल्या ते मोजून दर हंगामाला मीटिंगमध्ये टक्के ठरवून घ्या, ठरावात लिहून ठेवा. सपोर्टचा चार्ज अन् बाकी किरकोळ प्रमाणात जाऊ द्या. दोन्हीचे वेगळे नियम लावता येतात.

एक ध्यानात ठेवा, ही सामाईक वाटणी फक्त त्या कॉस्ट कॅटेगरीच्याच पानावर दिसते, कॉस्ट एक्सप्लोररमध्ये (खर्चाचे तक्ते दाखवणारं पान) शोधत बसू नका. कॅटेगरीच्या पानावरून सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी फाईल) उतरवून अकाउंटंटला द्या, तो टॅलीत जर्नल एंट्री करेल. जीएसटीचं बिल आधीसारखं एकच येईल, त्यात काही बदलत नाही.

अन् मिलवाल्या संचालकांना टक्के दाखवायच्या आधी पावत्यांची मोजणी दाखवा, तिन्ही धंद्यांची, एका कागदावर.