वाचकांचे प्रश्न : दातांच्या दवाखान्यातील आणीबाणी

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, एक्स-रे यंत्राची नोंदणी, अग्निशामक सिलिंडर, सर्व काही नियमानुसार आहे. तरीही भुलीचे इंजेक्शन दिल्यावर एक रुग्ण खुर्चीतच बेशुद्ध झाला, तेव्हा मी आणि माझ्या दोन्ही मदतनीस गोंधळून गेलो. रुग्ण लगेच सावध झाला, परंतु पुढच्या वेळेसाठी तयारी कशी करावी?
– एक दंतवैद्य, सातारा जिल्हा

उत्तर : परवाने आवश्यकच आहेत, पण रुग्ण कोसळल्यावर कोणी काय करायचे, हे त्यांत लिहिलेले नसते. ती वाटणी आपणच आधी करून ठेवावी. आपण रुग्णाजवळ थांबायचे, एका मदतनिसाने ऑक्सिजन व औषधांची पेटी आणायची आणि दुसरीने १०८ ला फोन करून जिन्यापाशी उभे राहायचे, एवढे ठरले तरी निम्मा गोंधळ टळतो.

खुर्चीत येणारी बेशुद्धी बहुतेक वेळा भीतीमुळे आलेली साधी भोवळ असते. खुर्ची आडवी करून पाय उंचावले की रुग्ण सहसा लवकरच शुद्धीवर येतो. मात्र अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वासात घरघर येणे आणि रक्तदाब उतरणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. अशा वेळी १:१००० ॲड्रेनालिनचे अर्धा मिलिलिटर, म्हणजे प्रौढांसाठी ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत विनाविलंब द्यावे आणि सुधारणा नसल्यास पाच मिनिटांनी पुन्हा द्यावे. भुलीच्या औषधात ॲड्रेनालिन असतेच, या समजुतीवर कोणी विसंबू नये. ते १:८०,००० किंवा त्याहूनही विरळ असते आणि या कामी निरुपयोगी ठरते. अ‍ॅम्प्यूल, सिरिंज आणि मात्रा लिहिलेला कागद एकाच पाकिटात ठेवावा. ऑक्सिजन सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधावी, कारण ऐन वेळी सिलिंडर भरलेला असतो आणि चावी कपाटात असते. औषधांच्या मुदती दरमहा एका ठरलेल्या व्यक्तीने तपासून सही करावी आणि रुग्ण नसताना हा सराव घड्याळ लावून करावा.

प्रश्न : वापरलेली सुई टोपणात घालताना माझ्या बोटाला टोचली. डॉक्टर म्हणाले, काही होत नाही. मी काय करायला हवे होते?
– एक मदतनीस, ठाणे

उत्तर : ‘काही होत नाही’ हे उत्तर अजिबात योग्य नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये, बोट तोंडात घालू नये, त्यावर ब्लीच ओतू नये. त्यानंतर शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत शासकीय रुग्णालयातील एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचाराचे केंद्र, गाठावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधांची गरज तेथील डॉक्टर ठरवतात. ती सुरू झाल्यास २८ दिवस घ्यावी लागतात. ७२ तासांची मुदत उलटून गेली असली, तरी एचआयव्ही तसेच हेपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या अवश्य करून घ्याव्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कर्मचाऱ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस मिळवून देणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे, तेव्हा ती आपण निःसंकोचपणे मागावी. सुई दोन्ही हातांनी पुन्हा टोपणात घालण्याची पद्धत मात्र आजपासूनच बंद करावी. वापरलेली सुई थेट पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात जावी आणि तो डबा दाराआड नव्हे, खुर्चीपासून हाताच्या अंतरावर असावा.