बारावी बायो केलंय, इंदूरला राहते, प्राण्यांसोबत काम करायचंय, डॉक्टरच व्हावं लागतं का?

नाही, पण प्राण्यांवर उपचार करायचे असतील तर बीव्हीएससी अँड एएच, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची डिग्री, लागतंच, आणि त्याचं कॉलेज तुझ्या शेजारीच महूला आहे, जबलपूरच्या नानाजी देशमुख विद्यापीठाचं. माझी धाकटी बहीण तिथूनच झालीय म्हणून सांगते, साडेपाच वर्षं लागतात, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप, बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायो इंग्लिश हवं आणि नीट (NEET) ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. देशातल्या 15 टक्के सीट ऑल इंडिया कोट्यातून भरतात, म्हणजे बाहेरच्या राज्यातही चान्स असतो. आणि अभ्यास नुसता कुत्र्या-मांजरांचा नसतो गं, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या सगळं येतं, गोठ्यात शेणात उभं राहायची तयारी ठेव.

नीट नाही झाली तर:
- दोन वर्षांचा पशुपालन डिप्लोमा
- झूलॉजीत बीएससी करून पुढे वाइल्डलाइफ
- ग्रूमिंग, ट्रेनिंग, शेल्टरचं काम, इथे डिग्रीपेक्षा हात बसलेला बघतात

फक्त एक, डिप्लोमावाल्याला स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही, 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने रजिस्टर्ड डॉक्टरच्या देखरेखीखाली किरकोळ उपचारच करता येतात. फॉर्म भरायच्या आधी महिनाभर एखाद्या शेल्टरमध्ये जाऊन जखमा धुवून बघ, तिथे लगेच कळेल जमतंय का.