आप्पांची वेळ भरली होती का?

«मावशी, मला अगं-तुगंच करा. मी ३८ वर्षांची, दोन मुलांची आई. संक्रांतीला माहेरी गेले होते. भोगीच्या रात्री आप्पांच्या छातीत जळजळायला लागलं. दीड वाजला होता. घामानं सदरा ओला झालेला. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. आप्पा म्हणाले, "पित्त झालंय. ओवा दे, सकाळी बघू." दादाही म्हणाला, एवढ्या थंडीत कुठं नेतेस. मी ओवा आणि कोमट पाणी दिलं, पाय चेपत बसले आणि तिथंच कलंडले. पाचला जाग आली तेव्हा आप्पा गार पडले होते. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. तेराव्यापर्यंत जो आला तो एकच बोलला, वेळ भरली होती. प्रवचनाला आलेल्या महाराजांनी सांगितलं, त्याच्या इच्छेशिवाय झाडाचं पानसुद्धा हलत नाही. मग त्या रात्री त्यानंच मला हलू दिलं नाही का? तसं असेल तर मी त्याच्यापुढं हात कसे जोडू? आणि तसं नसेल, तर आप्पा माझ्यामुळं गेले. खरं काय ते सांगा. दादानं तर बीपीची गोळीच बंद केलीय. म्हणतो, ठेविले अनंते. आप्पांची वेळ चुकली नाही, माझी काय चुकणार.
– आप्पांची लेक»

आप्पांच्या लेकी,

तुझं पत्र आठ दिवस माझ्या टेबलावर होतं. दुसऱ्या कुणाच्या पत्राला उत्तर लिहायला बसले की डोळ्यांपुढं ते ओव्याचं कोमट पाणी यायचं. देवाकडं आपण जाऊच, पण आधी त्या रात्रीकडं बघू. तुझं सगळं तिथंच अडकलंय.

तुला खोटा धीर देणार नाही. छातीत जळजळ आणि अंगाला दरदरून घाम ही दोन्ही एकत्र आली की ओवा द्यायचा नसतो, १०८ ला फोन लावायचा असतो. महाराष्ट्रात ही ॲम्ब्युलन्स २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत आणि ती खेड्यातही येते. हृदयाचं दुखणं पुष्कळदा पित्ताचं सोंग घेऊन येतं. पोटाच्या वरच्या भागात जळजळ होते, ढेकर येतात, जबडा किंवा खांदा भरून येतो. मधुमेह असलेल्या माणसाला तर कधीकधी छातीत दुखतही नाही. ईसीजी काढल्याशिवाय डॉक्टरही खात्रीनं सांगत नाहीत, पित्त की हृदय. तेव्हा हो, त्या रात्री न्यायला हवं होतं. चूक झाली. हे मी आधीच लिहिते, कारण कुणी "तुझी काहीच चूक नाही" म्हटलं की तुला ते खोटं वाटतं आणि तू अजून आत जातेस.

पण "चूक झाली" आणि "माझ्यामुळं गेले" यांत फार मोठं अंतर आहे. पाच वाजता तुला जे कळलं, ते तू रोज रात्री दीड वाजताच्या त्या बाईच्या हातात नेऊन ठेवतेस आणि तिला विचारतेस, तुला ठाऊक असून तू गप्प कशी बसलीस? तिला ठाऊक नव्हतं गं. तिच्यासमोर बाप होता, त्याला याआधीही जळजळ व्हायची आणि ओव्यानं बरं वाटायचं. दवाखान्यात पोचले असते तर वाचले असते का? वाचलेही असते. वाटेत गेलेही असते. त्याचं उत्तर आता जगातल्या कुठल्याही डॉक्टरकडं नाही आणि ज्योतिषाकडं तर नाहीच.

आणखी एक. तुझ्या पत्रात तू आहेस, दादा आहे, देव आहे, महाराज आहेत. आप्पा मात्र फक्त आजारी आहेत. पण त्या रात्री निर्णय घेणाऱ्यांत सगळ्यांत मोठा माणूस तेच होते. शुद्धीवर होते, घरातले कर्ते होते, आणि "सकाळी बघू" हे त्यांचे शब्द आहेत. माणसाला स्वतःची इच्छा असते की नाही असा प्रश्न तू मला विचारतेस, आणि आप्पांना ती होती हेच विसरतेस! जन्मभर ज्या माणसाचा शब्द घरात शेवटचा होता, त्यांचा त्या रात्रीचा शब्द तू मोडला नाहीस. मोडायला हवा होता असं आज वाटतं. पण ते ऐकले असते का? तूच सांग, बाप तुझा.

आता महाराजांचं पान. गीतेच्या अठराव्या अध्यायात एकसष्टावा श्लोक आहे. त्यात कृष्ण म्हणतो, ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसलाय आणि यंत्रावर बसवल्यासारखं तो सगळ्यांना फिरवतो. पान हलत नाही, ते हेच. पण पुढं फक्त दोनच श्लोक जा. त्रेसष्टावा: "यथेच्छसि तथा कुरु". सगळं सांगितलं, आता नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. फिरवणारा तोच आणि "तुझं तू ठरव" म्हणणाराही तोच, मध्ये एका श्लोकाचं अंतर. पुष्कळ वर्षं मला हा घोटाळाच वाटायचा. आता वाटतं की अर्जुनाला दोन्ही ऐकू येणं गरजेचं होतं. पहिलं ऐकलं नसतं तर सगळ्या युद्धाचा भार एकट्याच्या डोक्यावर घेऊन तो तिथंच बसून राहिला असता. दुसरं ऐकलं नसतं तर धनुष्य उचलणारा अर्जुन राहिलाच नसता.

त्याच अध्यायात आधी चौदावा श्लोक आहे, तो मला तुझ्यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. कुठलंही काम घडायला पाच कारणं लागतात असं तो सांगतो. शरीर, करणारा, साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली, आणि पाचवं दैव. दैव आहे, ते कुणी नाकारलेलं नाही. पण ते पाचांतलं एक आहे, आणि करणाराही पाचांतला एकच आहे. तू जे दोन पर्याय माझ्यापुढं ठेवलेस त्यात पाचही वाटे एकदा तू देवाच्या नावावर लावतेस, नाहीतर एकदा स्वतःच्या. त्या रात्री आप्पांच्या रक्तवाहिन्या होत्या, त्या काय एका रात्रीत तशा झाल्या नव्हत्या. थंडी होती. दादाचं बोलणं होतं, आप्पांचा हट्ट होता. आणि तू होतीस, जिनं एकदा तरी "चला" म्हटलं. तुझा वाटा आहे. तेवढाच घे.

तुम्ही शेतकरी माणसं, म्हणून हे दुसऱ्या तऱ्हेनं सांगते. आमच्या शेताला पाटाचं पाणी होतं. आवर्तन कधी सुटायचं ते धरणावर ठरायचं, आपली पाळी कधी यायची ते पाटकरी सांगायचा. बहुतेक वेळा रात्रीचीच यायची. माझे वडील कंदील आणि खोरं घेऊन जायचे, मी मागं मागं. पाणी यायचं तेव्हा आधी आवाज यायचा, कोरड्या पाटात पाला सरकल्यासारखा. मग वडील एका सरीचं दारं मातीनं बुजवायचे आणि दुसरीचं फोडायचे. पाणी आणणं त्यांच्या हातात नव्हतं. एकदा आवर्तन मध्येच बंद झालं आणि निम्मा ऊस कोरडा राहिला. बांधावर बसून ते काहीही बोलले नाहीत. पण पाणी आलेलं असताना ते दारं धरायला उठले नाहीत असं एकदाही झालं नाही. आणि एक रात्र मला चांगली आठवते. दिवसभराच्या कामानं त्यांचा डोळा लागला, सरी फुटली आणि शेजाऱ्याच्या भुईमुगात पाणी घुसलं. सकाळी त्यांनी शेजाऱ्याच्या दारात जाऊन हात जोडले. "देवानंच झोपवलं" असं नाही म्हणाले. पण मला झोपायचा हक्क नाही म्हणून पुढं रात्र रात्र जागलेही नाहीत. पुढच्या पाळीला माझ्या काकांना सोबत नेलं, एवढंच.

दादा म्हणतो, ठेविले अनंते. तुकारामांच्या तोंडचं ते वाक्य आपण फार स्वस्त करून टाकलंय. तुकारामांवर काय गुदरलं होतं ते दादाला वाचून दाखव. १६३० चा दुष्काळ, ते ऐन विशीतले. त्यांचा स्वतःचाच अभंग आहे, "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली". पहिली बायको अन्न अन्न करीत डोळ्यांपुढं गेली. पुढच्या ओळीत ते म्हणतात, "लज्जा वाटे जीवा". लाज वाटली त्यांना. वेळ भरली होती असं म्हणून मोकळे झाले नाहीत. तुला जे वाटतंय तेच त्यांना वाटलं होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्यानंतर काय येतं ते बघ: "देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेसें". गावातलं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते उभं करावं असं मनात आलं. बायको परत आणणं हातात नव्हतं. पडलेली भिंत उभी करणं हातात होतं, ते त्यांनी मनावर घेतलं. समाधान चित्ती ठेवा म्हणणारा माणूस या सगळ्यातून गेला होता. औषधाची पट्टी कोनाड्यात टाकून खाटेवर पडून म्हणायचं ते वाक्य नाही.

तू विचारलंस, हात कसे जोडू. नको जोडूस इतक्यात. भांड त्याच्याशी. जनाबाई त्याला "अरे विठ्या, विठ्या" म्हणून शिव्या देत होती आणि तो अभंग आजही भक्तीनं म्हणतात. माझाही विठ्ठलावर विश्वास आहे, आणि माझी आई गेली तेव्हा मी वर्षभर देवघरात दिवा लावला नाही. मला काही तो आप्पांच्या उशाशी बसून तुझ्या डोळ्यांवर झोप ओतणारा वाटत नाही. थकलेल्या लेकीला झोप लागते, त्याला देवाचा कट लागत नाही. पण हे मी सांगून तुला पटणार नाही. तू त्यालाच विचार, तोंड भरून विचार. पानाचं ते वाक्य स्वतःच्या दुःखावर स्वतः ठेवायचं असतं, तेव्हा ते फुंकर घालतं. दुसऱ्याच्या जखमेवर ठेवलं की चरचरतं. महाराजांच्या मनात वाईट नसेल, पण तेराव्याच्या दिवशी समोर बसलेल्या मुलीच्या मनात काय चाललंय हे त्यांनी बघायला हवं होतं.

दादाशी देवाबद्दल वाद घालू नकोस, हरशील. त्याला एवढंच विचार, रात्री दोनला लाइट येते तेव्हा मोटर चालू करायला का उठतोस? पिकावर करपा दिसला की फवारणी का करतोस, पिकाची वेळ भरली म्हणून सोडून का देत नाहीस? खरं सांगू का, मला नाही वाटत त्यानं गोळी नशिबावर भरवसा ठेवून सोडली. "एवढ्या थंडीत कुठं नेतेस" हे तोही विसरलेला नाही. बापाला नेलं नाही, मग मी कशाला गोळ्या खाऊन जगू, असं काहीतरी त्याच्या आत चाललंय, आणि ठेविले अनंते म्हटलं की ते कुणाला दिसत नाही. त्याच्याजवळ बस. म्हण, दादा, त्या रात्री आपण दोघंही चुकलो. हे वाक्य तुम्ही दोघांनी अजून एकमेकांशी बोललेलं नाही, पत्रावरून मला तसंच वाटतं. ते बोलून झालं की मग गोळीचं काढ. बीपी वाढलेलं असताना बहुधा काहीच दुखत नाही, म्हणून सोडल्यावर ठीकच वाटतं. मनानं बंद केलेली गोळी मनानं परत सुरूही करू देऊ नकोस. आधी डॉक्टरांकडं ने, बीपी मोजून घ्या, ईसीजी काढून घ्या.

तू लिहिलं नाहीस, पण अजून रोज दीडला जाग येत असेल आणि मुलांशीही धड बोलवत नसेल, तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, २०२२ मध्ये सुरू झाली, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि तुमच्या घरातल्या फोनजवळच्या भिंतीवर १०८ हा आकडा मोठ्या अक्षरात लिही. माहेरच्या भिंतीवर दादाच्या हातानं लिहून घे.

या रविवारी गाडी काढ आणि जा त्याच्याकडं. बीपी किती निघालं ते मला कळव.

तुझी,
मावशी