फ्रान्समधल्या कॅटलान मुलखाचा इतिहास काय? तिथली गावं पाहण्यासारखी आहेत का?

तुम्ही लिहिलंय की पर्पिन्याँला फ्रान्सच्या तिरंग्याशेजारी लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा दिसला, पाट्यांवर एकाच गावाची दोन-दोन नावं दिसली, आणि आपण नक्की कुठल्या देशात आहोत असं वाटून गेलं. पुन्हा जाणार आहात, दोन दिवस हाताशी आहेत, तर समुद्रकिनारा सोडून आत गावांकडे वळावं का, हाही तुमचा प्रश्न आहे. जरूर वळा. मी आठ वर्षं तुलूझला राहतो आणि सुट्टी मिळाली की याच भागात जातो. या मुलखाचा इतिहास शहरापेक्षा गावात जास्त कळतो, कारण इथली सीमा एका ठिकाणी चक्क 'गाव' या शब्दावरून ठरली. ते पुढे सांगतोच.

आधी थोडक्यात मागचं. पर्पिन्याँभोवतीचा रुसियों, त्याच्या वरचे कॉन्फ्लां, व्हालेस्पीर, कापसीर आणि सर्दान्या हे परगणे पूर्वी कॅटलोनियाचे, म्हणजे आज स्पेनमध्ये असलेल्या, बार्सिलोनाभोवतीच्या मुलखाचे. 1258 च्या कोर्बेयच्या तहात फ्रान्सच्या नवव्या लुईने त्यांच्यावरचा दावा सोडला आणि फ्रान्सची हद्द उत्तरेला कोर्बियेरच्या डोंगरांवर थांबली. 1497 मध्ये स्पेनच्या फर्डिनांड राजाने साल्सचा किल्ला बांधायला घेतला तो याच हद्दीच्या राखणीसाठी. आज तो किल्ला सीमेपासून कितीतरी आत, फ्रान्समध्ये उभा आहे. 1640 मध्ये कॅटलान शेतकरी माद्रिदच्या, म्हणजे स्पेनच्या राजाच्या, फौजांना पोसून पोसून टेकीला आले आणि उठले. त्यांनी फ्रान्सची मदत घेतली. 1642 मध्ये फ्रेंच फौजेने पर्पिन्याँ घेतलं आणि मदतीला आलेला पाहुणा परत गेलाच नाही. 7 नोव्हेंबर 1659 रोजी बिदासोआ नदीतल्या एका छोट्या बेटावर पिरेनीजचा तह झाला आणि डोंगराच्या उत्तरेकडचा कॅटलान मुलूख फ्रान्सला मिळाला. तिथल्या लोकांना कोणी विचारलं नाही.

तहाच्या 42 व्या कलमात म्हटलंय की पूर्वापार ज्या पिरेनीज पर्वताने गॉल आणि हिस्पानिया (फ्रान्स आणि स्पेन यांची रोमनकाळातली नावं) वेगळे केले, तोच यापुढे दोन राज्यांची हद्द राहील. वाचायला सरळ वाटतं. पण सर्दान्यात उभं राहिलं की त्यातली खोट दिसते. बाराशे मीटर उंचीवरचं हे रुंद, सपाट खोरं. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये गवताची कुरणं, कुरणांना आपल्या कोकणातल्यासारखे दगडांचे गडगे, कडेने खळाळणारे पाट. घरं ग्रॅनाइटची, छपरं पाटीच्या काळ्या दगडाची. खोऱ्यातून वाहणारी सेग्रे नदी पुढे स्पेनमध्ये एब्रोला मिळते. पाणी दोन बाजूंना फुटतं ते पूर्वेला, पेर्शच्या खिंडीत, 1579 मीटरवर. म्हणजे पर्वतच हद्द मानायचा तर फ्रान्सने त्या खिंडीत थांबायला हवं होतं. पण फ्रान्सला कापसीरमधून पश्चिमेच्या कारोल खोऱ्यात उतरायला वाट हवी होती, आणि ती वाट या सपाटीवरून जात होती.

1660 च्या वसंतात सेरे गावात दोन्हीकडचे प्रतिनिधी बसले. फ्रान्सच्या बाजूने पिएर द मार्का हा विद्वान धर्मगुरू होता, त्याने प्राचीन भूगोलकारांचे दाखले काढून वाद घातला. निकाल लागला नाही. अखेर तोडगा निघाला की कारोलच्या खोऱ्यासकट सर्दान्यातली 33 गावं फ्रान्सला द्यायची. कुठली 33, याची यादी 12 नोव्हेंबर 1660 ला ल्यिव्हिया इथे पक्की झाली. तिथे स्पेनच्या बाजूने मुद्दा आला की ल्यिव्हिया हे गाव नव्हेच, ती 'व्हिला' आहे, आणि द्यायची ठरली आहेत ती गावं. आपल्या जुन्या दप्तरांत मौजे वेगळं आणि कसबा वेगळा, तसाच हा फरक. मुद्दा मान्य झाला. अट एवढीच पडली की ल्यिव्हियाला तटबंदी करायची नाही. तेव्हापासून जेमतेम 13 चौरस किलोमीटरचं ल्यिव्हिया चारी बाजूंनी फ्रान्सने वेढलेलं आहे आणि आजही स्पेनमध्ये आहे.

तिथे जायचं तर स्पेनच्या पुचसर्दाहून चालत जा. मी दोनदा गेलोय, तास-सव्वा तास लागतो. रस्ता फ्रान्सच्या जमिनीवरून जातो, पण दोन देशांनी तो तटस्थ मानला आहे. 1970 च्या दशकात फ्रान्सने या रस्त्यावर, आपला महामार्ग जिथे आडवा येतो तिथे, 'थांबा'ची पाटी लावली. ल्यिव्हियाच्या लोकांचं म्हणणं, रस्ता आमच्या हक्काचा, आम्ही का थांबायचं? पाटी लागली की ते रातोरात उपटायचे. पुन्हा लागली की पुन्हा उपटायचे. शेवटी वरून पूल बांधला तेव्हा भांडण मिटलं. तीनशे वर्षांपूर्वीचा करार त्या लोकांना तोंडपाठ होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चालताना शेताच्या बांधावर गुडघ्याएवढे दगड दिसतील, अंक कोरलेले. 1866 च्या बायोनच्या तहाने या भागातली हद्द शेवटी दगड रोवून नक्की केली. अटलांटिककडून सुरू झालेल्या या दगडांमधला शेवटचा, 602 क्रमांकाचा, सेर्बेरजवळ भूमध्य समुद्रावरच्या कड्यात आहे. मी पाहिलेल्या एका दगडावर शेवाळ चढलं होतं आणि शेजारी एक गाय पाठ घासत उभी होती. पलीकडे तेच गवत, तोच पाट. पाण्याचंही तसंच आहे. पुचसर्दाच्या तळ्याला पाणी पुरवणारा जुना कालवा फ्रान्समधल्या कारोल नदीतून निघतो. देश वेगळे झाले तरी पाण्याच्या पाळ्या मोडून चालत नाही, म्हणून बायोनच्या तहात पाण्याचीही कलमं घालावी लागली.

नव्या राज्याचा पहिला चटका लोकांना बसला तो मिठाचा. या परगण्यांना मिठाच्या करातून जुनी सूट होती. 1661 मध्ये चौदाव्या लुईने तो कर लादला. डोंगरातल्या माणसाचं मीठ म्हणजे हिवाळ्यासाठी खारवलेलं डुकराचं मांस, मीठ म्हणजे गुरांचं चाटण. मिठावरच्या करापायी माणसं का पेटतात हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. व्हालेस्पीरमध्ये शेतकरी टोळ्या करून जकातीच्या शिपायांवर तुटून पडले. त्यांना 'आंजेलेत्स' म्हणतात. जोसेप दे ला त्रिंचेरिया हा त्यांचा म्होरक्या. बंड पुढे कॉन्फ्लांमध्ये पसरलं आणि 1675 च्या सुमारास मोडलं. 1679 पासून व्होबाँ या लष्करी स्थापत्यकाराने मों-लुईचा नवा कोट उभारला आणि व्हिलफ्रांशची जुनी तटबंदी मजबूत केली. 2008 पासून ही दोन्ही ठिकाणं जागतिक वारसा आहेत. पर्यटकांना ती शत्रूपासून राखण करणारी म्हणून दाखवतात. मला ती पाहताना नेहमी वाटतं, या तोफांची एक नजर सीमेकडे होती तशी एक खालच्या गावांकडेही होती.

मग भाषा. 1700 मध्ये राजाने हुकूम काढला की यापुढे सरकारी आणि कायदेशीर कागद फ्रेंचमध्येच झाले पाहिजेत, कॅटलान वापरणं फ्रेंच राष्ट्राच्या मानाला शोभत नाही. घरात भाषा टिकली, ती मोडली शाळेने. कॉन्फ्लांच्या वरच्या अंगाला आयग्वातेबिया नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथल्या शाळेच्या भिंतीवर मुलांसाठी लिहिलं होतं: 'फ्रेंच बोला, स्वच्छ राहा.' आईची भाषा आणि मळ एकाच ओळीत बसवलेले. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हे वाचून आत काहीतरी तुटल्यासारखं होतं.

कुठल्याही गावात गेलात तर चर्चजवळचं पहिल्या महायुद्धाचं स्मारक वाचा. आडनावं कॅटलान आणि पहिली नावं फ्रेंच. घरी आईने ज्याला जोसेप म्हणून हाक मारली तो दगडावर जोसेफ आहे. सात-आठ घरांच्या वाडीतही बारा-पंधरा नावं असतात. मी ज्यांच्याकडे उतरतो त्या बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांची आई त्यांच्याशी फ्रेंच बोलायची, पण कोंबड्यांशी कॅटलान. 'म्हणून मला कळतं सगळं, बोलता येत नाही,' असं त्या म्हणाल्या तेव्हा हातातली सुरी थांबली होती. त्या त्रिंचात करत होत्या. दहिवरात राहिलेला कोबी आणि बटाटे एकत्र उकडून रगडायचे, लसूण आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे चरबीत परतायचे, आणि त्यात तो गोळा थापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचा. त्यांची नात 1976 मध्ये सुरू झालेल्या 'ला ब्रेसोला' या कॅटलान शाळांपैकी एकीत जाते. नात आजीचे उच्चार सुधारते.

आता गावांचं रूप. पर्पिन्याँहून तेत नदीच्या काठाने वर निघालात की खोऱ्यात पीचच्या बागा लागतात. मार्चमध्ये गुलाबी फुलोरा आणि मागे 2784 मीटरचा कानिगो, अजून बर्फाने पांढरा. हा डोंगर इथल्या लोकांचा देव नाही, पण देवापेक्षा फार कमीही नाही. प्राड शहराच्या समोर एउस गाव आहे: उतारावर पायरीपायरीने चढत गेलेली दगडी घरं आणि सगळ्यांच्या डोक्यावर चर्च. गाडी खाली ठेवायची आणि चढायचं. दुपारी गल्ल्यांमध्ये माणूस दिसत नाही, फक्त तापलेल्या दगडाचा आणि रानातल्या थाइमचा वास.

लहान चर्चांची दारं नीट बघा. लाकडावर लोखंडी पट्ट्यांच्या गोल गोल वेटोळ्या ठोकलेल्या असतात. कानिगोच्या पोटात लोखंडाच्या खाणी होत्या, त्यामुळे लोहारकाम इथल्या हाडीमाशी खिळलेलं. डोंगराच्या अंगावरचा सां मार्ती मठ अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा, तिथे शेवटची चढण पायीच चढावी लागते. खालच्या क्युक्सा मठाच्या ओवऱ्यांचे बरेचसे खांब मात्र न्यूयॉर्कच्या संग्रहालयात गेले, याची हळहळ मला दर वेळी वाटते. समुद्राकडे कोलियूर आणि बान्यूल्सला गेलात तर तिथले द्राक्षमळे पाहा. शिस्ट या पापुद्र्यांच्या दगडाच्या उभ्या उतारावर गडगे घालून केलेले टप्पे, आणि पावसाचं पाणी वाहून न्यायला मधूनमधून दगडी चर. वरून पाहिलं तर ते कोंबड्याच्या पंजासारखे दिसतात आणि लोक त्यांना 'कोंबड्याचा पाय'च म्हणतात.

1939 विषयी न लिहिता पुढे जाववत नाही. स्पेनच्या यादवी युद्धात जानेवारीत बार्सिलोना फ्रँकोच्या फौजांच्या हाती पडलं आणि फेब्रुवारीपर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं याच खिंडींतून पायी फ्रान्समध्ये आली. आर्जेलेसच्या किनाऱ्यावर त्यांना तारेच्या कुंपणात उघड्या वाळूवर ठेवलं. कवी आंतोनिओ माचादो कोलियूरला पोहोचला आणि 22 फेब्रुवारीला तिथेच गेला; त्याची कबर गावातच आहे. एल्न गावाजवळ एका जुन्या वाड्यात एलिझाबेथ आयडेनबेंझ या तरुण स्विस बाईंनी निर्वासित बायकांसाठी प्रसूतिगृह चालवलं. 1944 पर्यंत तिथे 597 मुलं जन्मली. तो वाडा आता पाहता येतो. तुम्ही किनाऱ्यावर जाणारच असाल तर निदान हे पाहून जा. चेलोवादक पाऊ कासाल्सही तेव्हाच प्राडला येऊन राहिले.

दोन दिवसांत एवढं सगळं होणार नाही. पहिल्या दिवशी सकाळी व्हिलफ्रांशहून 'पिवळी गाडी' नावाची छोटी आगगाडी पकडा. एक मीटर रुंदीचा रूळ, 63 किलोमीटरचा प्रवास, विजेवर चालते, आणि डबे कॅटलान झेंड्याच्या पिवळ्या-लाल रंगांचे. उन्हाळ्यात उघडा डबा लावतात, त्यात बसा. बोल्केरला ती 1593 मीटरवर पोहोचते आणि मग सर्दान्याची सपाटी एकदम डोळ्यांपुढे उलगडते. शेवटचं स्टेशन लातूर-द-कारोल. नाव देवनागरीत लिहिलं की मराठी माणसाला कुठली आठवण येणार ते सांगायला नकोच. या एका स्टेशनात तीन रुंदीचे रूळ येतात: फ्रेंच गाडीचा, पिवळ्या गाडीचा आणि बार्सिलोनाहून येणाऱ्या स्पॅनिश गाडीचा. रात्री पुचसर्दाला राहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ल्यिव्हियाला चालत जा. एउस परतीच्या वाटेवर करा.

आणि तारखा अजून हलवता येत असतील तर 23 जून साधा, त्या रात्री इथे सेंट जॉनच्या सणाच्या होळ्या पेटतात. पर्पिन्याँच्या कास्तियेत वेशीत वर्षभर एक ज्योत जपलेली असते. 22 ची रात्र ती कानिगोच्या माथ्यावर असते आणि दुसऱ्या दिवशी माणसं ती पायी, सायकलने, गाडीने खाली गावागावांत नेतात, सीमेच्या दोन्ही बाजूंना. 1955 पासून हे चालू आहे. संध्याकाळी कुठल्याही गावच्या चौकात थांबा. ज्योत पोहोचायला कधी कधी अंधार पडतो, पण लाकडं रचून ठेवलेली असतात आणि कोणी घरी जात नाही.