शो संपला, फोन थांबले, आता पोराचं काय?

"मुलगा टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत होता, बाद झाला, आता कुणी विचारत नाही, करिअर संपलं का हो त्याचं?" हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे सल्ल्याला येतात, आणि इथे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात कंट्री म्युझिक, म्हणजे इथलं गावाकडच्या वळणाचं गाणं, आपल्या मराठी घरांतल्या पोरांच्याही कानावर लहानपणापासून पडत असतं.

असेच एक मायलेक आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगा विशीतला, गिटार घेऊन कंट्री गाणारा, आईबाबा मूळचे साताऱ्याकडचे. शोमध्ये बऱ्यापैकी पुढे गेला, तेव्हा घराचं अगदी लग्नघर झालेलं, नंतर सगळा शुकशुकाट. बोलता बोलता त्याचा अंगठा फोनवर जायचा, फॉलोअर्सचा आकडा बघायचा, फोन उलटा ठेवायचा, की जरा वेळाने परत तेच. आई म्हणाली, "ताई, याला सांगा ना, आता एमएस कर म्हणून." तो म्हणाला, "काकू, लोकांना आवडलोच नसणार मी, नाहीतर फोन आले असते ना."

मी ते वाक्यच धरून ठेवलं. म्हटलं, फोन बंद झाले कारण शोला पुढच्या सीझनसाठी नवीन पोरं हवी असतात, गरज सरो वैद्य मरो, त्यात तुझ्या आवाजाचा निकाल वगैरे काही नाहीये. आणि कंट्रीत मत देणारे प्रेक्षक वेगळे, गाणं वाजवायचं की नाही ते ठरवणारे रेडिओवाले वेगळे, एकेक गाणं चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, वर चढायला महिनोन् महिने घेतं आणि तोवर गायक रेडिओ स्टेशनं पालथी घालत असतो.

आई सारखं कॅरी अंडरवुडचं नाव घेत होती, 2005 ला अमेरिकन आयडल ही टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकली आणि थेट कंट्रीची स्टार. खरंय, पण घरोघरी तीच फूटपट्टी लावतात म्हणून मला ते उदाहरण नकोसं होतं. मी स्कॉटी मॅक्रीरीचं सांगितलं, इथल्याच गार्नरचा. 2011 ला सतराव्या वर्षी आयडल जिंकला, पहिला अल्बम बिलबोर्ड 200 वर, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत, एक नंबरला, आणि 2016 ला रेकॉर्ड कंपनीने सोडून दिलं. जिंकलेल्याला! मग आजोबा गेल्यावर लिहिलेलं गाणं त्याने 2017 ला स्वतःच बाहेर आणलं, पुढे नवी कंपनी मिळाली आणि 2018 ला ते कंट्री रेडिओवर एक नंबरला गेलं. गायिका केसी मस्ग्रेव्ह्ज तर नॅशव्हिल स्टार या टीव्हीवरच्या कंट्री गाण्याच्या स्पर्धेत 2007 ला सातवी आलेली, दुसऱ्यांसाठीही गाणी लिहीत राहिली आणि 2019 ला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी, म्हणजे इथलं संगीतातलं मोठं बक्षीस, घेऊन आली. अर्थात ही मोजकी नावं, बाकी कितीतरी जण नोकरी सांभाळून बारमध्ये गातात, हेही मी आईसमोरच सांगितलं.

मुलगा म्हणाला, "पण ते लिहितात, मी दुसऱ्यांचीच गातो." हे मात्र कामाचं बोलला! इतके दिवस 'मी आवडलो नाही' म्हणून कुढत होता, आता निदान करण्यासारखं काहीतरी हाताला लागलं.

सध्या आठवड्यातली एक संध्याकाळ मित्राबरोबर गाणी लिहायला बसतो, कॉलेजचे दोनच कोर्स घेतलेत (मॅक्रीरीसुद्धा मधल्या काळात एनसी स्टेट या इथल्या विद्यापीठात जातच होता की), फॉलोअर्स फक्त रविवारी बघायचे असं ठरलंय आणि ते निम्म्या वेळा मोडतंय. झोप आणि जेवण ठीक आहे, ते बिघडलं असतं तर मी आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं. आईचं "कधीपर्यंत?" अजून चालूच आहे, म्हणून पुढच्या मे महिन्यात तिघांनी बसून गाण्याचे कार्यक्रम किती झाले, पैसे किती आले, गाणी किती झाली याचा हिशोब करायचा आणि तोवर एमएसचा विषय घरात काढायचा नाही, एवढं दोघांकडून कबूल करून घेतलंय.