साडू हे नातं, हाक नव्हे

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. भाचीच्या बारशाला त्यांच्या यजमानांनी बहिणीच्या नवऱ्याची ओळख करून दिली ती ‘हे माझे को-ब्रदर’ अशी. त्या स्वतः त्यांना ‘जिजू’ म्हणतात आणि नवऱ्याच्या थोरल्या भावाला ‘जेठजी’. सासूबाईंना हे तिन्ही शब्द खटकले. मराठीत यांना शब्द नाहीत का, असं त्या विचारतात. पुढे लिहितात, ‘साडू हा शब्द माहीत आहे, पण तो तोंडावर म्हणवत नाही, कसासाच वाटतो.’

उत्तर त्यांच्या या शेवटच्या वाक्यातच आहे. साडू हा तोंडावर म्हणायचा शब्दच नाही.

लग्नाने जुळलेल्या नात्यांना मराठीत बहुतेक ठिकाणी दोन शब्द असतात. एक नातं सांगण्याचा, म्हणजे तिसऱ्या माणसाजवळ बोलताना वापरायचा, आणि दुसरा हाक मारण्याचा. नणंद हे नातं, ‘वन्सं’ ही हाक. दीर हे नातं, ‘भावोजी’ ही हाक. सासरे हे नातं, ‘मामंजी’ ही हाक. आता बहुतेक घरांत तिची जागा ‘बाबां’नी घेतली आहे. ‘अहो सासरे, चहा टाकू का?’ असं कुठलीही सून विचारत नाही, आणि म्हणून ‘सासरा’ शब्द गावंढळ आहे असंही कोणी म्हणत नाही. साडूवर मात्र आपण हा अन्याय करतो. ‘हे माझे साडू’ असं खुशाल सांगावं, आणि त्यांना हाक मारताना नावापुढे ‘राव’ लावावं, किंवा वयाने मोठे असतील तर दादा, अण्णा, जे घरात रुळलं असेल ते म्हणावं. को-ब्रदर हा शब्द इंग्रजीसारखा दिसतो एवढंच. तो आपल्याकडेच, विशेषतः दक्षिणेकडच्या बोलण्यात रुळलेला आहे, इंग्लंडातल्या माणसाला त्याचा उलगडा होणार नाही.

शिवाय साडूचं कूळ चांगलं खानदानी आहे. संस्कृतात श्याली म्हणजे बायकोची बहीण आणि वोढृ म्हणजे लग्न करून नेणारा. ‘श्यालीवोढृ’ झिजत झिजत मराठीत साडू झाला, हिंदीत साढू झाला. बायकोच्या बहिणीशी ज्याने लग्न केलं तो, इतका नेमका अर्थ या दोन अक्षरांत बसला आहे. इंग्रजीत दीर, मेहुणा, साडू, बहिणीचा नवरा हे सगळे ब्रदर-इन-लॉच. कोणता ते पुढे वाक्य जोडून सांगावं लागतं.

साडूची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तो माझा साडू, तसा मी त्याचा साडू. शब्द दोन्हीकडून सारखाच चालतो. जाऊ तशीच, यातृ या संस्कृत शब्दावरून आलेली. अमरकोशात तिची व्याख्या आहे: ‘भार्यास्तु भ्रातृवर्गस्य यातरः स्युः परस्परम्’, म्हणजे भावाभावांच्या बायका एकमेकींच्या यातर. यातलं ‘परस्परम्’ महत्त्वाचं. घरात थोरली जाऊ नि धाकटी जाऊ असा भेद मानपानात कितीही असो, शब्दाने दोघी एकमेकींच्या जावाच. व्याही तसाच. तो ‘वैवाहिक’वरून आला, मुलीचा बाप मुलाच्या बापाचा व्याही आणि मुलाचा बाप मुलीच्या बापाचाही व्याहीच. वरपक्ष वरचढ मानण्याच्या रिवाजातही या शब्दाने दोन बापांना एकाच पाटावर बसवलं.

या मालिकेतला सर्वांत मोलाचा शब्द मेहुणा. बायकोचा भाऊ तो मेहुणा आणि बहिणीचा नवरा तोही मेहुणा. हिंदीत हे दोघे वेगळे: साला आणि जीजा किंवा बहनोई. त्यातला साला शिवीपर्यंत उतरला आणि जीजाला मान मिळाला. आपल्याकडेही श्यालापासून आलेला साळा होता, पत्रांत आणि पंचांच्या कागदांत शालक होता, पण बोलण्यात मेहुण्याने दोघांनाही सामावून घेतलं. याचं मूळ मिथुन, मैथुन, म्हणजे जोडी, जोडलं जाणं. पुण्यात अजूनही अधिक महिन्यात ‘मेहूण जेवायला सांगितलंय’ म्हणतात, तेव्हा त्या मेहुणाचा अर्थ नवराबायकोची जोडी असा असतो. तोच हा शब्द.

प्राकृतात ‘मेहुणिआ’ म्हणजे बायकोची बहीण आणि मामाची मुलगीही. एकाच शब्दात ही दोन नाती कशी आली, हे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल लक्षात घेतली की कळतं. जिच्याशी लग्न होऊ शकतं ती मामाची लेक, आणि तिच्याशी झालं की तिची बहीण मेहुणी. ती मुळात मामाचीच दुसरी लेक. इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बसून भारतभरच्या नातेव्यवस्थेचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची अशा दोन पद्धती महाराष्ट्रात एकमेकींत मिसळतात, हे त्यांनी नीट दाखवलं आहे. उत्तरेत नात्यातली लग्नं निषिद्ध, दक्षिणेत आते-मामे भावंडांचं लग्न पसंतीचं, आणि मराठी मुलखात अनेक जातींत आतेघरी भाची सून म्हणून जाण्याची रीत. म्हणून तर सासऱ्याला ‘मामंजी’ आणि काही घरांत सासूला ‘आत्याबाई’ ही हाक. सासू खरोखरीच आत्या असायची. आत्याच्या नवऱ्यालाही अनेक घरांत मामाच म्हणतात, तेव्हा सासरा मामा झाला. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या नात्यात लग्न केलं नाही, त्यांच्याही तोंडी मामंजी टिकला. ‘मामंजी’ हा शब्द नाटकी आहे असं समजून तो सोडून देणाऱ्यांनी एवढं मनात ठेवावं, की त्यात आपल्या समाजाचा केवढा तरी इतिहास आहे.

आता जिजू. याला मराठी हाक एक नाही, दोन आहेत: भावोजी आणि दाजी. भावोजी पुण्याच्या पेठांत, दाजी सातारा-सांगलीकडून येणाऱ्या घरांत जास्त. दिरालाही भावोजी आणि बहिणीच्या नवऱ्यालाही भावोजी, यात घोटाळा नाही का होत, असं कोणी विचारतं. बोलण्यात होत नाही, कारण सासरी बोलतोय की माहेरी, हे बोलणारीला आणि ऐकणाऱ्याला माहीत असतं. जिजू हिंदी सिनेमातून आला. त्याला माझा विरोध त्याच्या परकेपणासाठी नाही. दाजी या लाघवी शब्दाची जागा तो खातो, म्हणून आहे.

जेठाबद्दल मात्र सासूबाईंशी माझं पूर्ण एकमत नाही. पुण्याच्या बोलीत थोरल्या आणि धाकट्या दिराला वेगळे शब्द नाहीत. थोरले दीर, धाकटे दीर असं विशेषण लावून काम भागतं. अमरकोशही नवऱ्याच्या भावाला देवृ, देवर एवढंच म्हणतो. पण विदर्भात थोरल्या दिराला ‘भासरा’ म्हणतात. तो ‘भ्रातृश्वशुर’पासून आला, म्हणजे सासऱ्याच्या ठिकाणी मानायचा भाऊ, बंगालीतला भाशुर त्याचाच सख्खा भाऊ. खानदेशात जेठ घरोघर आहे. तेव्हा जळगाव-धुळ्याकडच्या घरात जेठ म्हणत असतील तर तो त्यांचा स्वतःचा शब्द आहे, मालिकांतून उचललेला नव्हे. प्रश्न विचारणाऱ्या बाईंचं सासर मात्र सदाशिव पेठेतलं, तेव्हा त्यांच्या घरी भावोजीच शोभेल.

दूरच्या नात्यांसाठी मराठीने जी युक्ती केली आहे, ती कुठल्याही लग्नाच्या मानपानाच्या यादीत पाहावी. आमच्या घरातल्या अशाच एका वहीत एकाखाली एक नोंदी आहेत: आजेसासूबाई, नऊवार. मामेसासरे, टोपी-उपरणं. मावससासूबाई सोलापूरच्या. चुलतसासरे. आतेनणंद. चुलतदीर दोन, शर्टपीस. मूळ नात्याला आजे, मामे, मावस, चुलत, आते यांतलं एक जोडलं की माणूस त्याच्या जागी बसतो, आणि त्याला काय द्यायचं तेही ठरतं. नवी सून ही यादी एकदा वाचते नि सासरचा निम्मा गोतावळा तिला कळतो.

खरी पोकळी आहे ती नणंदेच्या नवऱ्याशी आणि मेहुण्याच्या बायकोशी. हिंदीत त्यांना ननदोई आणि सलहज आहेत. पुण्यातल्या रोजच्या बोलण्यात ‘नणंदेचे यजमान’ आणि ‘मेहुण्याची बायको’ असंच सांगावं लागतं. हाकेची अडचण नाही, भावोजी आणि वहिनी आहेतच. नात्याला आटोपशीर शब्द मात्र मला पुणेरी बोलण्यात ऐकू आलेला नाही, आणि इथे कोणी आपल्या गावचा शब्द पुढे आणला तर मी आनंदाने वापरीन.

प्रश्नकर्त्या बाईंनी एवढं करावं: यजमानांना पुढच्या कार्यात ‘हे माझे साडू’ म्हणायला लावावं, स्वतः बहिणीच्या नवऱ्याला दाजी किंवा भावोजी म्हणावं, आणि थोरल्या दिरांना भावोजी. सासूबाईंना मामंजींविषयी जरूर विचारावं. त्यांच्या सासूबाई काय हाक मारत असत तेही विचारून लिहून ठेवावं, कारण घरोघरच्या हाका कोशात सापडत नाहीत.