पेपरवर नाव कितवं?

‘मी मेडिसिनची निवासी डॉक्टर आहे. वॉर्डात फिरून पेशंटची माहिती मी गोळा केली, एक्सेल मी भरली, पहिला ड्राफ्टही मीच लिहिला. संशोधनाचा पेपर जर्नलला पाठवायची वेळ आली तेव्हा माझं नाव तिसरं! पहिलं नाव ज्या सरांचं, ते एकदाच चर्चेला बसले होते. मोठ्या जर्नल्समध्येही पुरुषांचीच नावं जास्त दिसतात. मुलींनी संशोधनाच्या वाटेला जावं का?’
– एक निवासी डॉक्टर, सोलापूर

जावं. पण नावांचा हिशेब कसा चालतो, ते समजून घेऊन.

तुला दिसतंय ते खरं आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २००६ साली अमेरिकेतल्या डॉक्टर-लेखकांची मोजदाद छापली होती. पहिल्या नावांत स्त्रियांचं प्रमाण १९७० मध्ये ५.९ टक्के होतं, ते २००४ पर्यंत २९.३ वर गेलं. शेवटच्या नावांत मात्र १९.३ टक्क्यांपर्यंतच मजल गेली. आपल्या क्षेत्रात पहिलं नाव बहुधा मुख्य काम करणाऱ्याचं आणि शेवटचं टीम चालवणाऱ्याचं असतं. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलच्या २०१६ मधल्या पाहणीत सहा बड्या जर्नल्समधल्या स्त्री प्रथम-लेखिका वीस वर्षांत २७ वरून ३७ टक्क्यांवर आल्या होत्या आणि त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत ती वाढ थबकली होती. म्हणून गाइड, म्हणजे संशोधनाचे मार्गदर्शक, निवडताना विषयाइतकीच आणखी एक गोष्ट बघ: त्यांच्या जुन्या पेपरांवर विद्यार्थ्यांची नावं कुठे आहेत? पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, दहा मिनिटांचं काम आहे.

कोण लिहितं याने काय फरक पडतो, हे बघायला लांब जायला नको. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये गडचिरोलीचा एक पेपर आला, पहिलं नाव डॉ. राणी बंग. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, तर ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका किती? अवघ्या ८ टक्के. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे खेड्यातल्या बाईच्या दुखण्याकडे तोवर कुणी फारसं पाहिलंच नव्हतं.

आता तुझ्या पेपरचं. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे, लेखकपणाचे चार निकष आहेत: अभ्यासाच्या आखणीत किंवा माहितीच्या संकलन-विश्लेषणात भरीव वाटा, लेखन किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा, अंतिम मसुद्याला संमती आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही लागतात. नुसतं विभागप्रमुख असणं यात कुठेच बसत नाही. (‘सरांचं नाव घालावंच लागतं’ हे मलाही ठाऊक आहे. घाल, पण पहिलं कशाला?) क्रम कसा लावायचा ते मात्र समिती सांगत नाही, ते लेखकांनी आपसात ठरवायचं. म्हणून पुढच्या वेळी प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) एथिक्स कमिटीकडे जाण्याआधीच गाइडना साधा ईमेल टाक: ‘सर, कोण काय करणार आणि नावांचा क्रम काय, ते आपलं असं ठरलं आहे: …’ तोंडी ठरलेलं कुणाला आठवत नाही.

एक काम आजच कर. ऑर्किडचा (ORCID) सोळा अंकी क्रमांक काढ, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख-क्रमांक; फुकट मिळतो. लग्नानंतर आडनाव बदललं की आधीचे पेपर एका बाईचे आणि नंतरचे दुसरीचे वाटतात. आपल्याकडे वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, म्हणजे इनिशियलही बदलतं. पुरुषांना ही कटकट नसते. नाव बदलायचं की नाही ते तू ठरव. क्रमांक तोच राहतो.

राहिला सध्याचा पेपर. अजून सबमिट झाला नसेल, तर याच आठवड्यात गाइडना एकटी भेट. ड्राफ्टच्या तारखा असलेल्या फाइल्स सोबत ने. ‘अन्याय झाला’ असं म्हणू नकोस, ‘मी हे-हे केलंय, पहिलं नाव माझं असावं’ एवढंच म्हण. सबमिट झाला असेल, तर क्रम बदलायला बहुतेक जर्नल्स सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतात. ती मिळण्यासारखी वाटत नसेल, तर या पेपरवर भांडण नको. तुझी परीक्षा आणि थीसिसची सही अजून बाकी आहे.